ठोकळ्यातला नंदी

पोळा संपला की दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरांचा पोळा भरतो. खरे बैल गोठ्यात रवंथ करत असतात आणि रस्त्यावर लाकडी नंदी निघतात. खाली चाकं, गळ्यात माळ, शिंगांना बेगड, पुढे दोरी. घरोघर जाऊन मुलं बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये हा तान्हा पोळा सुरू केला, असं सांगतात. नागपुरात माणसाच्या उंचीचे नंदी मिरवतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव-वणीकडच्या घरात वीतभर नंदीही पुरतो, आणि तो घरी करता येतो.

घरी म्हणजे एका टेबलावर. त्यासाठी लागणारं यंत्र म्हणजे स्क्रोल सॉ. शिलाई मशीनच्या जवळचं हे यंत्र आहे. एक लांब बाहू, त्याखाली सपाट तबक आणि तबकातल्या भोकातून वर-खाली होणारं बारीक पातं. सुतार करवत लाकडावर नेतो. इथे पातं आपली जागा सोडत नाही, लाकूडच त्याच्यासमोर फिरवायचं. नव्या माणसाचे हात दोन-चार दिवस याच गोष्टीशी भांडतात. पात्याची लांबी सहसा पाच इंच. नेहमीच्या कामाचं पाच नंबरचं पातं जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतं आणि जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून कमी. म्हणूनच ते जवळपास जागच्या जागी वळतं, आणि लाकूड जोरात रेटलं की तुटतं. दातांची टोकं खाली हवीत. ताण बरोबर बसला की पातं बोटानं छेडल्यावर स्वच्छ वाजतं. बदबद आवाज आला तर ते ढिलं आहे, आणि ढिलं पातं जाड लाकडात पोटाकडे वाकून काप तिरपा करतं.

आता नंदी. दोन इंच जाडीपर्यंतचं लाकूड बहुतेक घरगुती यंत्रांत बसतं. सव्वा-दीड इंच चौरस आणि वीतभराहून थोडा कमी लांब ठोकळा घ्यायचा. एका बाजूवर बैलाची बाजूची आकृती काढायची: वशिंड, गळ्याची पोळी, शेपूट, पुढच्या-मागच्या पायांमधली फट. शेजारच्या बाजूवर तोच बैल समोरून काढायचा: शिंगांचा पसारा, रुंद खांदा, डाव्या-उजव्या पायांमधली फट. दोन्ही आकृत्यांची उंची काटेकोर सारखी हवी. आधी एक बाजू कापायची. सुटलेले तुकडे फेकायचे नाहीत. ते जागच्या जागी बसवून ठोकळ्याभोवती चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे तबकावर ठेवायला पुन्हा सपाट ठोकळा मिळतो. मग तो एक चतुर्थांश वळवून दुसरी आकृती कापायची. पट्टी सोडली की भोवतालचा कचरा गळून पडतो आणि मध्ये चार पायांवर बैल उभा राहतो. पहिली बाजू पायांची पुढची-मागची जोडी सुटी करते, दुसरी डावी-उजवी. दोन सपाट चित्रांतून गोल जनावर निघतं, यात जादू काही नाही, भूमिती आहे. तरी पट्टी सोडताना घरातली सगळी माणसं टेबलाभोवती गोळा होतात, हे मात्र खरं.

एक गोष्ट आधी ठरवायची, ती म्हणजे लाकडाच्या रेषा. त्या उभ्या, पायांच्या दिशेनं हव्यात. आडव्या रेषांत कापलेला पाय पहिल्याच दगडावर आपटून मोडतो. शिंगंही उभ्या रेषांतच टिकतात. त्यामुळे बैलाची उंची ठोकळ्याच्या लांबीच्या दिशेनं धरायची. बैलाची लांबी ठोकळ्याच्या जाडीतून येते, तेव्हा बैल थोडा आखूड आणि ठेंगणा होणार. लांब बैल हवा असेल तर धड आणि पाय वेगळे कापून जोडायचे. माझं मत विचाराल तर ठेंगणा बैलच जास्त देखणा दिसतो.

लाकडाचा प्रश्न मारेगावात वेगळा आहे. वणी-करंजी रस्त्यावरचं हे गाव सागवानाच्या पट्ट्यात येतं. वर्धेपलीकडच्या बल्लारशाच्या सागवानाचा लौकिक तर असा की मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी तिथूनच लाकूड रवाना झालं. म्हणून झाड तोडून घरी आणायचं नसतं. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग आहे, हळदू आहे, बीजा, ऐन, मोहही आहेत, आणि शेतातलं झाड असलं तरी परवानगी लागते. मार्च १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या परवाना नसलेल्या आरागिरण्या तडकाफडकी बंद करायला लावल्या, तेव्हापासून आरा मशीनवरचा माणूस कागदपत्रांबाबत सावध असतो. छंदवाल्याला याची फार झळ बसत नाही, कारण त्याला फळी लागतच नाही. दार-चौकट करणाऱ्या सुताराकडे पडलेले हातभर तुकडे एरवी चुलीत जातात. चहापाण्याच्या पैशात पोतंभर मिळतात, आणि एवढ्या मालात पाच-सहा नंदी आरामात निघतात.

सागवान दिसायला उत्तम, पण त्याचे दोन स्वभाव आहेत. त्यात सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. आणि त्यात तेल असतं, म्हणून डिंक लावण्याआधी कापलेली बाजू थिनरनं पुसून घ्यावी, नाहीतर जोड काही महिन्यांनी सुटतो. शिकायला शिवण बरं. हलकं आहे, पात्याखाली हट्ट करत नाही. हळदूचं लाकूड पिवळसर आणि बारीक पोताचं, कंगवे-खेळण्यांसाठी पूर्वीपासून वापरातलं. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची. पांढरकवड्यावरून दक्षिणेला जाणारा महामार्ग आदिलाबाद ओलांडून ज्या निर्मलला पोचतो, तिथल्या नकाश कारागिरांची खेळणी पोनिकीच्या लाकडाची. खेळण्यांच्या परंपरा मऊ लाकडाभोवती वाढल्या, हे साहजिकच होतं. आपल्या भागात सागवान हाताशी होता, म्हणून आपला नंदी वजनदार झाला.

या पात्याचा इतिहास हौसेपेक्षा जुना आहे. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये आंद्रे शार्ल बूल कासव-कवच आणि पितळ एकत्र कापून फर्निचरवर जडवत असे, ते अशाच बारीक करवतीनं. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला. शाळकरी मुलांना भूगोल शिकवण्यासाठीची ही युक्ती, तिचंच पुढे जिगसॉ कोडं झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात घरोघरी पायानं चालवायची यंत्रं आली, आणि १८९५ पासून नॉरफोकमधल्या हॉबीज कंपनीचं साप्ताहिक त्यांच्यासाठी नमुने छापू लागलं. आपल्याकडे वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये हस्तोद्योगातून शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची कल्पना मांडली गेली, तेव्हा झाकिर हुसेन समितीच्या हस्तोद्योगांत सुतारकाम होतंच. पुढे शाळांत त्याचं कार्यानुभव झालं आणि बहुतेक ठिकाणी चिकटवहीपुरतं उरलं.

स्पिल्सबरीची युक्ती इथे फार चांगली बसते. यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके, सोळा तुकडे. नकाशा पाच-सहा मिलिमीटर प्लायवर चिकटवायचा आणि तालुक्यांच्या सीमा कापायच्या. मारेगावचा तुकडा वणी, झरी जामणी, केळापूर आणि राळेगाव यांच्यामध्ये बसवताना मुलाला जे कळतं, ते पुस्तकातलं पान पाठ करून कळत नाही.

देवनागरी पाट्या हा दुसरा मोठा आनंद. इंग्रजी नाव कापलं की अक्षरं सुटी होतात, पाठीमागे फळी लागतेच. आपली शिरोरेषा सगळं नाव एका तुकड्यात धरून ठेवते. ‘मारेगाव’ कापून पाहा. रेची मात्राही रेषेलाच चिकटलेली. फक्त मच्या आणि वच्या पोटात बारीक भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं. अनुस्वार मात्र हवेत राहतो. त्याला कुठेतरी पूल द्यावा लागतो किंवा मागे फळी. आडनावात अनुस्वार असलेल्यांनी थोडा त्रास सहन करावा.

आता शहरांत संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर जाळ्या आणि पाट्या तासाभरात मिळतात. तीन मिलिमीटरच्या गोल फिरत्या दांडीनं कापलेल्या जाळीचे आतले कोपरे गोल राहतात, स्क्रोल सॉचे टोकदार येतात. हा फरक खरा आहे, पण तो सांगून मी माझ्या छंदाची वकिली करणार नाही. घाई असेल आणि शंभर पाट्या हव्या असतील तर त्या यंत्राकडेच जावं. एक नंदी हवा असेल तर घरी बसावं.

भुशाकडे मात्र हलगर्जी नको. लाकडाचा भुसा १९९५ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत मोडतो. सागवानाच्या भुशानं काहींच्या हाताला पुरळही उठतं. साधा कापडी रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्यावा. खोलीऐवजी पडवीत बसावं. एमडीएफ कापताना तर नक्कीच. त्यातल्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण पातं तुटलं की त्याचा तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो. बोट पात्यात आलं तर तुटण्याची शक्यता कमी, पण जखम खोल होते.

यंत्र विकत घेण्याआधी एक मधला मार्ग आहे. हातानं चालवायचा फ्रेटसॉ: इंग्रजी यू आकाराची लोखंडी चौकट, तेच पातं, तशीच कामं. सोनाराची छोटी करवत याचीच बहीण, आणि तिची पाती सराफी सामानाच्या दुकानात डझनानं मिळतात. टेबलाच्या काठावर व्हीच्या आकाराची खाच पाडलेली फळी शिकंज्यानं घट्ट बसवायची, लाकूड त्या खाचेवर धरायचं आणि चौकट सरळ वर-खाली चालवायची. वीज जावो की येवो, काम थांबत नाही. जाड सागवानाला मात्र वेळ लागतो, म्हणून नंदीऐवजी आधी प्लायमधला सपाट बैल कापावा. पोळा श्रावण अमावास्येला असतो. रंग लावून वाळायला, चाकं घासून बसवायला आणि एखादा पाय पुन्हा जोडायला दिवस हवेत, तेव्हा आषाढातच तुकडे गोळा करायला सुताराकडे जावं. श्रावणात तो स्वतःच घाईत असतो.