आधी छप्पर, मग धीर (लेखांक ६)

छळातून सुटलेल्या बाईचे कौतुक आपण तिच्या मनोधैर्यावरून करतो. ते मनापासून केलेले असते, पण त्यात एक गफलत आहे. सावरणे हा स्वभावाचा गुण ठरला, की जी सावरली नाही ती आपोआप लेचीपेची ठरते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, घडलेल्याची आठवण व शोक, आणि माणसांत परतणे. यातला क्रम महत्त्वाचा. रात्री दाराची कडी वाजली की जिच्या छातीत अजून धस्स होते, तिला जुन्या जखमा उकलायला लावणारे समुपदेशन अपायच करू शकते. आधी छप्पर हवे, हातात स्वतःचे पैसे हवेत. धीर त्यानंतर येतो.

याला आकड्यांचा आधार आहे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नावावर जमीन वा घर नसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांना नवऱ्याची मारहाण सोसावी लागली होती. दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. मुलीला मालमत्ता देणारे आईबाप जावईही पारखून घेत असतील, अशी शंका कुणी काढेल. ती रास्तच आहे, पण उत्पन्न, शिक्षण यांसारख्या बाबी हिशेबात धरूनही फरक टिकून राहिला. जायला जागा आहे हे तिला ठाऊक असते, आणि नवऱ्यालाही.

मग स्वतःचा फ्लॅट असलेल्या, उत्तम कमावणाऱ्या बायका वर्षानुवर्षे मार का खातात? हा आक्षेप जास्त वजनदार आहे. छप्पर पुरेसे असते असे माझे म्हणणे नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली होती, ना कुणाला सांगितले होते. लाज पैशाने जात नाही. तिला विश्वासाने ऐकणारे माणूस लागते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने छळ सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेले 'दिलासा' समुपदेशन केंद्र मला म्हणूनच मोलाचे वाटते. दवाखान्यात जाते, एवढे घरी सांगून बाईला तिथे पोचता येते.

छपराचा प्रश्न कायद्याने ओळखलेला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे कलम १७ तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. कलम १९ खाली दुसरीकडे राहण्याची सोय किंवा भाडेही मागता येते. अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही हा कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. तोवरचे भाडे माहेर भरते, आणि माहेराला झेपत नसेल तर ती सासरी परतते.