बोट वेळेवर हवी? मग एक महिना वही ठेवा



गोराई-मनोरीच्या गटांमध्ये बैठक उशिरा सुरू झाली की कारण ठरलेलं असतं, “बोट मिळाली नाही, ताई.” बोरिवलीची गोराई खाडी किंवा मालाडकडचं मार्वे, बोटीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. पण बोट चुकली की उत्तन, भाईंदरवरून मोठा वळसा. भाजीची पाटी, मासळी, बँकेचा हप्ता, मुलांची शाळा, बाळंतपणाची तपासणी, सगळं त्या दहा मिनिटांवर अडतं. म्हणून या वेळी बोटीविषयीच लिहिते.

आधी बोट का अडते ते समजून घेऊ. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्यांची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना याचा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. चतुर्थी असेल तर ४ गुणिले ३ म्हणजे १२, भागिले ४ म्हणजे ३. भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या आसपास.

आता अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस बघा. तेव्हा उधाण असतं. भरतीला पाणी खूप चढतं, तसंच ओहोटीला खूप खालीही जातं. आणि त्या दिवसांत ओहोटी येते सकाळी सात-आठला, म्हणजे नेमकी शाळेच्या आणि बाजाराच्या वेळेला! बोट खाली, जेट्टीची पायरी वर, मध्ये चिखल. डोक्यावर पाटी किंवा कडेवर मूल असलेल्या बाईने उतरायचं कसं? अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी आणि त्रासही कमी.

म्हणजे बोट बेभरवशाची होते ती फक्त बोटवाल्यामुळे नाही. ओहोटीलाही चढता-उतरता येईल अशी जेट्टी, फलकावर लिहिलेलं वेळापत्रक, संध्याकाळी जेट्टीवर दिवा, आणि बोट बंद राहणार असेल तर आदल्या दिवशी निरोप, एवढं असलं तर निम्मा त्रास कमी होईल.

सुरक्षेचंही बघा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीचा अपघात आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. बोटीत किती माणसं बसवायची हे परवान्यात ठरलेलं असतं. लाइफ जॅकेट मागितलं तर कोणी हसलं तरी लाजू नका. बोट भरली असेल तर पुढच्या बोटीने या, बैठक थांबेल.

आता आपलं काम. “बोट नेहमी उशिरा येते” असं तोंडी सांगून काही होत नाही, लेखी नोंद लागते. गटाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर एक महिना पाच रकाने आखा: तारीख, तिथी, बोटीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष सुटलेली वेळ, कोणाचं काय नुकसान झालं. नुकसान रुपयांत लिहा. पाटी परत आणावी लागली तर किती गेले, रिक्षाला किती पडले. ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांनी मुलीकडून लिहून घ्या.

महिनाभराने सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करू, महासंघाच्या सभेत ठराव घेऊ. प्रवासी बोटी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात, तेव्हा अर्ज त्यांच्याकडे आणि प्रत आपल्या नगरसेवकांच्या कार्यालयात देऊ. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही.

कर्जाचा पैसा न् पैसा आपण वहीत मांडतो. बुडालेला दिवसही मांडूया. पुढच्या बैठकीला वही आणायला विसरू नका. आणि हो, निघण्याआधी तिथी बघा!