शिनाणे: शिजवलं तरी सगळंच विष जात नाही

जालन्याला समुद्र नाही. पण कामासाठी मुंबईत, कोकणात गेलेल्या आपल्या माणसांना तिथे शिनाणे दिसतात. खडकाला चिकटून राहणारा, हिरव्या कडेचा हा लांबट शिंपला. त्याच्या मांसात प्रथिनं, लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व असतं. म्हणून तो खाऊच नका, असं आम्ही म्हणत नाही. तो जगतो कसा, एवढं समजून घ्या.

शिनाणा दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून त्यातलं बारीक अन्न खातो. पाणी घाण असेल तर कावीळ, जुलाबाचे जंतू आणि जड धातू त्याच्या अंगात साठतात. फुकट मिळाले तरी नाल्याच्या तोंडाशी किंवा बंदरालगत वाढलेले शिनाणे काढू नका. तोंड घट्ट मिटलेले, ताजे घ्या. पूर्ण शिजवा. शिजूनही न उघडलेले फेकून द्या.

शिजवल्याने जंतू मरतात. जड धातू आणि समुद्रातल्या काही सूक्ष्म शेवाळांचं विष मात्र राहतं. १९९७ मध्ये केरळात विळिंजम इथे याच कुळातले तपकिरी शिंपले खाऊन ७ माणसं दगावली.

खाल्ल्यावर ओठ-जिभेला मुंग्या आल्या, हातपाय बधिर झाले, श्वास जड झाला, तर अंगारे-धुपारे, घरगुती उपाय यांत वेळ घालवू नका. या विषावर उतारा नाही. वेळेवर मिळालेला कृत्रिम श्वासच जीव वाचवतो. लगेच १०८ ला फोन करा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.