काठी पेलणारं गाव

सोलापूरच्या गड्ड्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आकाशपाळणे, मौत का कुआँ आणि होम मैदानावरची धूळ असणार. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला सगळा जिल्हा गड्डाच म्हणतो. पाळण्यांवर लिहायला माझीही ना नव्हती. पण यात्रेच्या कितीतरी आधी, कसब्यातल्या एका संध्याकाळी, दुमजली घराला मागे टाकणारी काठी एकट्याने कमरेवर तोलून धरलेला पोरगा दिसला आणि पाळणे राहूनच गेले.

त्या काठीचं नाव नंदीध्वज. अशा सात काठ्या. यात्रेत त्या पालखीसारख्या खांद्यावर आडव्या जात नाहीत, उभ्या जातात. एका वेळी एकच माणूस ती पेलतो. बुंधा कमरेच्या पट्ट्यात, दोन्ही हात काठीला, मान मागे आणि नजर थेट शेंड्यावर. अंगात पांढरी बाराबंदी. चारी बाजूंनी साथीदार असतात, पण ते काठीला हात लावायला नसतात. तोल गेलाच तर सावरायला असतात.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण सोलापूरकराला तो पाठ आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंचे समकालीन, कन्नडमध्ये वचनं लिहिणारे. तेव्हाच्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, त्यांनी तलाव खोदवला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. कथा अशी, की एका कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. योगी लग्न कसं करणार? मग तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. नंदीध्वज म्हणजे तो योगदंड, आणि यात्रा म्हणजे त्या लग्नाचा दरवर्षीचा सोहळा. 13 जानेवारीला पूजेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून निघालेल्या काठ्या अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक करत फिरतात. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. तिसऱ्या दिवशी होम; बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्या साडीचोळी नेसवून अग्नीत दिली जाते. मग शोभेचं दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे काठ्यांची वस्त्रं उतरवण्याचा विधी.

होमाच्या रात्री भाकणूकही असते. मानकरी देशमुखांचं वासरू दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. त्याच्यापुढे धान्य, गूळ, बोरं, गाजरं ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत राहतं, यावरून पाऊसपाणी आणि भाव सांगतात. हवामान खात्याचे अंदाज मोबाइलवर वाचणारी माणसंही त्या रात्री वासराकडे टक लावून असतात.

पण मला काठीच सोडवेना.

सराव यात्रेच्या कितीतरी आठवडे आधी सुरू होतो. संध्याकाळी कामावरून सुटलेली पोरं जमतात आणि सरावाच्या काठीला जड वजन बांधून घेतात. नवख्याची पहिली चूक ठरलेली: तो खाली बघतो. लगेच मागून ओरडा येतो, ‘‘पायाकडं बघू नको बे, वर बघ!’’ दुसरी चूक हातांची. काठी कलली की तो हातांनी ओढायला जातो. जुने पेलणारे हात जवळजवळ वापरत नाहीत. शेंडा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला ते पाय टाकतात. बुंधा शेंड्याच्या खाली गेला की काठी आपोआप सरळ होते. बघणाऱ्याला वाटतं माणूस काठी नेतोय. खरं तर बराच वेळ काठीच माणसाला नेत असते, आणि तो तिला हळूहळू देवळाच्या दिशेला वळवत असतो.

लांब काठी पेलणं अवघड आणि आखूड सोपं, असा आपला समज. तोलापुरतं बोलायचं तर गोष्ट उलटी आहे. तळहातावर पेन्सिल उभी करून पाहा, हात हलवायच्या आत ती पडते. लांबी चौपट झाली की कलायला लागणारा वेळ साधारण दुप्पट होतो, म्हणून उंच काठी माणसाला विचार करायला सवड देते. मात्र त्या सवडीची किंमत मोठी. एकदा ठरावीक कोनापलीकडे गेली की तिला परत आणायला लागणारं बळ एकट्याच्या कमरेत नसतं. त्यातून यात्रेत शेंड्याकडे साज चढतो. वस्त्र, फुलं, हारडे, बाशिंग आणि होमाच्या रात्री विजेची रोषणाई, शिवाय पहिल्या काठीला नागफणी. वस्त्रात तलावावरचा वारा भरला की पेलणाऱ्याच्या पोटऱ्या थरथरताना दिसतात. एकाने दुसऱ्याकडे काठी सोपवताना ती उभीच राहिली पाहिजे. तेवढा वेळ भोवतालची गर्दीही गप्प होते, आणि मग ‘हर्र बोला हर्र’चा गजर उठतो.

आता माणसांकडे वळतो. सोलापुरात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात मराठी आणि रिक्षात दखनी हिंदी चालते. यात्रेच्या आदल्या दिवशी, 12 जानेवारीला, हेच शहर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना हार घालतं. सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉनंतर 1931 साली त्या दिवशी येरवड्यात त्यांना फाशी झाली होती. आडनावं वाचली की गावाची ठेवण कळते. शाहजहूर दर्गाही देवळापासून लांब नाही.

यात्रेने या गावाला एकत्र आणलं ते भाषणं करून नाही, कामं वाटून. हिरेहब्बूंकडे पूजेचा मान, देशमुखांकडे वासराचा, कुंभार तर नवरीकडचेच. काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे. त्यांत विश्वब्राह्मण आहेत आणि शेवटच्या दोन काठ्या मातंग समाजाकडे आहेत. अक्षतांच्या वेळी कट्ट्यावर वाचली जातात ती संमतीची वचनं कन्नडमधली. तांदूळ टाकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्यांतला शब्द न् शब्द कळत नाही, पण हात कधी उचलायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. सातपैकी एक जरी काठी निघाली नाही तरी लग्न लागणार नाही, आणि म्हणून कुणाला वगळता येत नाही. शहरोशहरी ‘एकात्मता महोत्सव’ भरवणाऱ्यांनी ही व्यवस्था नीट पाहावी असं मला वाटतं.

मात्र हिची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. मान वाटले गेले ते जातीजातींनी, आणि वाटताना क्रमही लागला. सहावी आणि सातवी काठी मागे चालते ती परंपरेने. ती नसेल तर सोहळा पुरा होत नाही हे जितकं खरं, तितकंच ती पुढे येत नाही हेही खरं. बायका अक्षता टाकतात, रांगोळ्यांनी रस्ते भरून काढतात; काठी पेलताना मात्र पुरुषच दिसतात. ‘सर्वांची यात्रा’ म्हणताना हे दोन प्रश्न खिशात ठेवून चालणार नाही.

बाकीच्या अडचणी जमिनीवरच्या आहेत, आणि त्याच जास्त घाबरवतात. पेलणाऱ्याची नजर वर असते, त्यामुळे खड्डा त्याला दिसत नाही. यात्रा जवळ आली की मिरवणुकीच्या वाटेवरच्या तारा आणि फांद्या हटवाव्या लागतात, खड्डे बुजवावे लागतात. केबलवाल्यांची एखादी लोंबती तार राहून गेली तर पुढचं सांगायला नको. 2015-16 च्या सुमारास होम मैदानावरचा आपत्कालीन रस्ता आणि धूळ दाबण्याचे उपाय यांवरून प्रशासन आणि देवस्थान समोरासमोर आले. लाखोंच्या गर्दीत रुग्णवाहिकेला वाट हवी, हे प्रशासनाचं म्हणणं मला तरी चूक वाटत नाही. फक्त ते यात्रा तोंडावर आल्यावर नव्हे, पावसाळ्यात बोलून मिटवायचं असतं. पुढे स्मार्ट सिटीने मैदानाचं रूप पालटलं. 2021 आणि 2022 च्या यात्रा करोनाच्या निर्बंधांत मोजक्या मानकऱ्यांवर उरकल्या.

सगळ्यात मोठी अडचण पुण्याची आहे. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग अडखळले आणि शिकलेली पोरं पुण्याची गाडी धरायला लागली. यात्रेला चार दिवसांची रजा मिळते, पण सरावाला कितीतरी आठवडे लागतात. कमरेला वजनाची सवय रविवारच्या रविवारी येत नाही. बाराबंदी शिवून फोटोपुरते येणारे पुष्कळ आहेत. पेलणारे तयार करायचे तर सोलापुरातच त्यांना संध्याकाळी सहाला सुट्टी होईल असं काम मिळालं पाहिजे, आणि ते काही देवस्थानच्या पंचकमिटीच्या हातात नाही.

जानेवारीत जाणार असाल तर विजापूर वेस किंवा पंचकट्ट्याच्या बाजूला आधीच जागा धरा. काठी आली की दोन पावलं मागे सरका आणि पेलणाऱ्याच्या पुढ्यात मोबाइल घेऊन घुसू नका. त्याला तुम्ही दिसत नसता.