पावसाळ्याआधी भरायची पिशवी

२१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद झाली आणि दुसऱ्याच दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. सावित्रीच्या पुराने महाडलाही वेढले. पाणी उंबऱ्याला लागल्यावर कपाटे धुंडाळायला वेळ मिळत नाही. म्हणून भगिनींनो, मृगापूर्वीच एक पिशवी भरून ठेवा.

आधी औषधे: घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभर पुरतील इतक्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इन्शुलिन फ्रीजमध्ये असते. ते निघताना घ्यायचे, हे कागदावर लिहून पिशवीलाच लावा. आधार, रेशनकार्ड, निकाहनामा, घराची कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. बॅटरी, शिट्टी, थोडी रोख रक्कम, पाणी, खजूर, चणे, सॅनिटरी पॅड आणि कपड्यांचा एकेक जोड ठेवा. बाळ असेल तर त्याचे दूध. नातेवाइकांचे नंबर वहीत लिहा. मोबाईल भिजला तर ते कुणाला पाठ असतात?

पिशवी दाराजवळ, उंचावर ठेवा. ती कोण उचलेल आणि दादीचा हात कोण धरेल, हे आजच ठरवा. मदतीसाठी ११२ हा नंबर मुलांनाही शिकवा.

पिशवी तयार असली, की कागदांसाठी किंवा गोळ्यांसाठी कुणालाही पाण्यात परत शिरावे लागत नाही. राहिलेले सामान पुन्हा घेता येईल, माणूस नाही.