विश्लेषण : किल्ट तोच, जॅकेट वेगळे! स्कॉटलंडमधल्या संध्याकाळच्या समारंभाला काय घालावे?

एडिनबरा किंवा ग्लासगोत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या भारतीयाला कधी ना कधी एखाद्या लग्नाचे, पदवीदानानंतरच्या मेजवानीचे किंवा २५ जानेवारीच्या ‘बर्न्स नाइट’चे आमंत्रण येते. पत्रिकेच्या तळाशी एक छोटी ओळ असते : पोशाख – ब्लॅक टाय किंवा हायलँड ड्रेस. भाड्याच्या दुकानात गेल्यावर मात्र चार-पाच प्रकारची जॅकेटे, तितकेच बूट आणि शेकडो टार्टन समोर येतात. त्यातून निवडायचे काय? आणि जो स्कॉटिश नाही, त्याने हा पोशाख घालावा का?

हायलँड ड्रेसमध्ये काय काय येते?

या पोशाखाचा पाया म्हणजे किल्ट. पारंपरिक किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागते, म्हणजे नऊवारीपेक्षा वारभरच कमी. त्याच्या निऱ्या मागच्या बाजूला येतात आणि त्या शिवून पक्क्या केलेल्या असतात. पुढे एकावर एक असे दोन सपाट पदर असतात. किल्टला खिसे नसल्याने कमरेच्या पट्ट्याला किंवा साखळीला ‘स्पोरन’ नावाची पिशवी पुढे लटकवतात. गुडघ्याखालपर्यंत जाड लोकरी मोजे, त्यांना धरून ठेवणारे पट्टे आणि एका मोज्यात खोचलेली ‘स्कीअन डू’ ही छोटी सुरी, असा हा सरंजाम असतो. किल्ट सकाळी असतो तोच रात्रीही चालतो. समारंभाची वेळ आणि दर्जा सांगतात ते जॅकेट, स्पोरन, टाय आणि बूट.

दिवसाच्या आणि संध्याकाळच्या पोशाखात फरक काय?

दिवसा ट्वीडचे जॅकेट, शिंगाची बटणे, लांब टाय, साधे चामडी स्पोरन आणि नेहमीचे लेदरचे बूट घालतात. संध्याकाळी ट्वीडच्या जागी काळे किंवा गडद लोकरी जॅकेट येते, शिंगाच्या बटणांच्या जागी चांदीच्या रंगाची बटणे येतात. चामडी स्पोरनऐवजी फरचे, वर धातूची नक्षीदार कड असलेले स्पोरन साखळीने बांधतात. या दोहोंच्या मधले जॅकेट म्हणजे काळे ‘आर्गाइल’. लांब टायबरोबर ते दुपारच्या लग्नाला चालते, बो टायबरोबर संध्याकाळच्या जेवणालाही. एकच जॅकेट विकत घ्यायचे असेल, तर हेच सर्वाधिक उपयोगी पडते.

पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय’ असेल तर?

अशा वेळी सर्वांत रूढ निवड म्हणजे ‘प्रिन्स चार्ली’ जॅकेट. ते पुढून आखूड असते, मागे दोन छोटी शेपटे असतात, कॉलरची पाती चकचकीत असतात. त्याच्या आत तीन बटणांचे काळे वेस्टकोट, साधी कॉलर असलेला पांढरा शर्ट आणि काळा बो टाय घालतात. जॅकेटची बटणे लावायची नसतात. ते उघडेच ठेवतात. पायात ‘गिली’ बूट. या बुटांना जीभ नसते आणि लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळून बांधतात. साधे चकचकीत काळे बूटही चालतात. भाड्याच्या पोशाखासोबत बहुधा पांढरट मोजे मिळतात. जुन्या वळणाच्या लोकांना ते आवडत नाहीत. टार्टनमधल्याच एखाद्या गडद रंगाचे मोजे अधिक शोभतात.

‘व्हाइट टाय’ असेल तर काय बदलते?

ही सर्वांत औपचारिक पायरी. लंडनमधल्या रॉयल कॅलेडोनियन बॉलसारख्या मोजक्याच समारंभांत ती पाळली जाते. येथे प्रिन्स चार्ली कमी पडतो. त्याऐवजी ‘डब्लेट’ घालतात. त्याचे शेरीफमूर, मॉन्ट्रोज, केनमोर, रेग्युलेशन असे प्रकार आहेत. मॉन्ट्रोज डब्लेट दुहेरी बटणांचे असते आणि त्यावर कमरपट्टा बांधतात. यांपैकी बहुतेकांबरोबर टाय नसतोच. गळ्याशी लेसची झालर असते. रेग्युलेशन डब्लेटबरोबर पांढरा बो टायही चालतो. मोजे चौकड्यांचे किंवा टार्टनचे, बूट बकलांचे.

चुका नेमक्या कुठे होतात?

बहुतेक चुका कमीपणाच्या नसून जास्तीच्या असतात. भर दुपारच्या लग्नाला प्रिन्स चार्ली, त्याच जॅकेटवर लेसची झालर, वेस्टकोट असूनही त्याखाली रुंद पट्टा, असे प्रकार दिसतात. पिनेचेही तसेच आहे. ती फक्त वरच्या पदराला लावायची असते. दोन्ही पदर एकत्र टोचले तर चालताना कापड ओढले जाते आणि फाटू शकते.

दुसरी चूक मापाची. किल्ट पँटपेक्षा बराच वर, बेंबीच्या पातळीवर बसतो. जीन्सचा नंबर सांगून मागवला तर तो नीट बसत नाही. कमर टेपने बेंबीपाशी मोजावी. खालची कड गुडघ्याच्या मध्यापर्यंत यावी. त्याखाली गेली की तो घागऱ्यासारखा दिसू लागतो. समारंभानंतर ‘केली’ नाच असेल, तर सुरी आधीच काढून ठेवावी आणि स्पोरन बाजूला कमरेवर सरकवावे. आत काय घालायचे यावर विनोद पुष्कळ होतात. भाड्याच्या किल्टखाली अंतर्वस्त्र घालावे, हे साधे उत्तर आहे.

सुरी कायद्यात बसते का?

स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक ठिकाणी धारदार वस्तू बाळगणे गुन्हा आहे. पण १९९५च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून आणि धार्मिक कारणासाठी, असे दोन्ही बचाव एकाच कलमात दिले आहेत. स्कीअन डू आणि शिखांचे कृपाण तेथे शेजारी शेजारी येतात. विमानप्रवासात मात्र ही सुरी हातातल्या बॅगेत ठेवता येत नाही. काही सभागृहेही ती आत नेऊ देत नाहीत. म्हणून भाड्याने बऱ्याचदा पातेच नसलेली, नुसत्या मुठीची नकली सुरी मिळते.

टार्टन कोणता निवडावा?

प्रत्येक कुळाचा टार्टन वेगळा आणि तो इतरांनी घालायचा नाही, असा समज आहे. कायद्याने असे बंधन नाही. राजघराण्यासाठी राखलेल्या ‘बॅल्मोरल’सारखे अपवाद संकेताने पाळले जातात. ज्याला कूळ नाही, त्याने ‘ब्लॅक वॉच’, ‘हंटिंग स्टुअर्ट’ यांसारखे सर्वांसाठी खुले मानले जाणारे टार्टन किंवा राहत्या जिल्ह्याचा टार्टन घ्यावा. २००९पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे. तीत संस्था, शहरे, कंपन्या यांचेही टार्टन आहेत; ‘सिंग’ नावाचाही आहे.

बाहेरच्याने हा पोशाख घालावा का?

याचे उत्तर इतिहासात सापडते. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचा पराभव झाला. त्यानंतर ब्रिटिश संसदेने स्कॉटलंडमधल्या पुरुषांना व मुलांना हा पोशाख घालायला बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे काळ्या पाण्यासारखी हद्दपारी. ही बंदी १७८२मध्ये उठली. फक्त सैन्याला सूट होती, त्यामुळे हा वेश पलटणींत टिकला. अशाच दोन हायलँडर पलटणी, ७४वी आणि ७८वी, १८०३मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांविरुद्ध लढल्या.

पुढे १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्याला आला. सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या सोहळ्यात राजाने स्वतः टार्टन घातला आणि एकेकाळी तुरुंगात धाडणारा वेश प्रतिष्ठेचा झाला. आज ‘सनातन’ वाटणारे बरेचसे नियम त्यानंतरचे आहेत. हरलेल्या राजपुत्राच्या नावाचे जॅकेटही विसाव्या शतकातले आहे. त्यामुळे पाहुण्याने बिचकण्याचे कारण नाही. यजमान जेव्हा पत्रिकेवर हायलँड ड्रेस लिहितो, तेव्हा ते निमंत्रणच असते. मात्र थट्टेचा वेश म्हणून तो घालू नये, कारण त्यासाठी लोकांनी शिक्षा भोगली आहे.

स्त्रियांनी काय घालावे? आणि साडी चालेल का?

स्त्रियांसाठी संध्याकाळी लांब गाउन आणि खांद्यावर पिनेने अडकवलेला टार्टनचा पट्टा ही रूढ पद्धत आहे. पट्टा सहसा उजव्या खांद्यावर घेतात. औपचारिक समारंभांत आपापल्या देशाचा पोशाख सर्वसाधारणपणे मान्य असतो. त्यामुळे रेशमी साडी किंवा बंदगळा घालून गेले तरी कमीपणा नाही. किल्टच घालायचा ठरले, तर आधी पत्रिका पुन्हा वाचावी आणि शंका असल्यास यजमानाला एक फोन करावा. भाड्याचा पोशाख समारंभाच्या दोन-तीन दिवस आधी अंगावर घालून पाहावा. माप चुकले असेल, तर ते बदलायला तेवढा वेळ हाताशी हवा.