याच्यात नवं काय हाय?

दिवाळीला बहिणीकडे अकोल्यास जाण्याचा माझा परिपाठ जुना आहे. अमरावतीहून निघावे, बडनेऱ्याला गाडी धरावी, मूर्तिजापूर मागे टाकावे आणि चहाच्या वेळेला अकोल्यात उतरावे. भाऊजी डाळमिलचे फिटर. सारे आयुष्य लेथवर गेलेले. मी मराठीचा प्राध्यापक. आम्हा दोघांना जोडणारा विषय एकच, तो म्हणजे भाचा. तो पुण्यास बिनतारी यंत्रणेचा इंजिनियर आहे.

गेल्या दिवाळीत मात्र स्वारी गप्प होती. त्याने पेटंटसाठी अर्ज केला होता आणि त्यावर तपासनिसाचा आक्षेप आला होता. दोन जुने कागद दाखवून तपासनिसाने म्हटले होते की, ते एकत्र वाचले तर हा शोध कोणाही जाणकाराला सहज सुचेल.

“मामा, तीन वर्षं घालवली हो यात,” तो म्हणाला.

“आधी मला समजेल असं सांग,” मी म्हणालो.

त्याने सांगितले ते असे. कंदिलाचा उजेड चहूकडे फाकतो, बॅटरीचा झोत एकाच बाजूस जातो. बिनतारी लहरींचाही असा झोत करता येतो. आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. १९२७ साली खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून विलायतेशी ‘बीम’ तारायंत्र सुरू झाले. त्या झोताची दिशा एकदा ठरवली की काम भागे, कारण दोन्ही टोके जागची हलत नव्हती.

आजचा मोबाइल हातात फिरतो. मनोऱ्यावर लहान लहान अँटेना ओळीने असतात. प्रत्येकीची लहर किंचित मागेपुढे सोडली की त्या एका दिशेस एकमेकींना बळ देतात आणि झोत तयार होतो. २६ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटरच्या आत. ती हाताच्या तळव्यानेही अडते. म्हणून ‘आता झोत या दिशेने’ हा निरोप फोनला घडोघडी द्यावा लागतो, आणि निरोपातच वेळ खर्च होतो. भाच्याची युक्ती अशी की, पूर्ण दिशा दर खेपेस सांगू नये. आधीच्या दिशेपासून पडलेला फरक तेवढा सांगावा.

भाऊजी चकली मोडत ऐकत होते. म्हणाले, “याच्यात नवं काय हाय? मीबी पोराले म्हन्तो, अजून दोन सूत सरकव. पुरं माप कायले सांगू?”

भाच्याचा चेहरा उतरला. “बाबा, तपासनीसही हेच म्हणतो.”

मग त्याने एक खटला सांगितला. मिर्झापूरच्या एका कारखान्याने लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचे पेटंट १९५१ साली घेतले होते. जुन्या रीतीत भांडे चिकट पदार्थाने चिकटवीत. ते सुटून कामगाराला लागण्याची भीती असे. नव्या रीतीत समोरून टेलस्टॉकच्या टोकाने भांडे दाबून धरले.

“अरे, टेलस्टॉक त लेथले असतेच!” भाऊजी उसळले.

“सुप्रीम कोर्टानंही १९७८ साली तेच ठरवलं. ही कारखान्यातली साधी सुधारणा आहे, शोध नव्हे, म्हणून पेटंट रद्द.”

मला तो निकाल पटला. पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची मक्तेदारी. जे कोणताही कसबी कारागीर सहज करील त्यावर एकाने कुंपण घातले, तर बाकीच्यांनी जावे कुठे? पण याची दुसरी बाजूही आहे. उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडे सोपे वाटते. म्हणून पाहायचे ते अर्जाच्या दिवशी जाणकारापाशी काय होते ते. आजच्या शहाणपणाने नव्हे.

भाऊजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “एक सांग. इतकं सोपं होतं, त मंग आजवर कोनं काऊन नाही केलं?”

“भीती होती ना बाबा. एक निरोप हरवला की पुढच्या साऱ्या दिशा चुकतात. म्हणून जाणकार ती वाट टाळायचे. मी फोनलाच चूक ओळखायला शिकवलं. शंका आली की तो पूर्ण दिशा मागून घेतो.”

“मंग हे लिवलं का तू?”

मी मसुदा मागून घेतला. सहा पाने होती. पाच पानांत निरोप किती आखूड होतो याचे कौतुक. भीती आणि तिच्यावरचा उपाय पाचव्या पानाच्या तळाशी, एका ओळीत! निबंध तपासताना विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो की, मुख्य मुद्दा आधी मांडा. भाच्याला सांगायचे राहिले होते.

उत्तराला सहा महिन्यांची मुदत असते. त्यांतले दोन उरले होते. त्या रात्री तो विषय सांगे, मी वाक्ये सरळ करी, आणि भाऊजी मधूनच “हे मले नाही समजलं” म्हणत. ते म्हणाले की ओळ पुन्हा लिहायची.

उत्तर मुदतीत गेले. निर्णय अजून यायचा आहे. तो विरुद्ध गेला तर वाईट वाटेलच. पण ‘हे उघडच होते’ असे म्हणणाऱ्यास काय विचारावे, हे मला कायद्याच्या पुस्तकाआधी एका फिटरने शिकवले.